लेकरांशी खेळा, खेळ हेही औषधच आहे

दवाखान्यात लहान लेकराला घेऊन येणाऱ्या आई-वडिलांच्या किंवा आजीच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. लेकरू जेवत नाही, अंग धरत नाही, सारखे किरकिर करते, दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. या तक्रारींसोबत एक मागणीही ठरलेली असते, "डॉक्टर, एखादे चांगले टॉनिक लिहून द्या." तपासल्यावर पुष्कळ लेकरांत मोठा आजार सापडत नाही. रक्त कमी असेल तर लोहाचे औषध, जंत असतील तर त्यावरची गोळी आणि आहाराविषयी चार गोष्टी सांगून झाल्या की मी एक प्रश्न विचारतो, "दिवसभरात या लेकराशी कोण खेळते? आणि किती वेळ?" या प्रश्नाने अनेकजण गोंधळतात. कोणी म्हणते, "ते आपले एकटेच खेळते बघा." कोणी म्हणते, "मोबाईल दिला की गप बसते."

लेकराला दूध, भाकरी, वरण, भाजी, लसी आणि स्वच्छ पाणी लागते हे आता बहुतेकांना पटले आहे. त्याच्याशी कोणी तरी बोलणे व खेळणे हेही तितकेच लागते, हे मात्र अजून पटलेले नाही. म्हणून आजच्या लेखात जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांबरोबर घरातल्या घरात, पैसा न खर्च करता खेळता येतील अशा खेळांची माहिती घेऊ.

खेळ कशासाठी?

जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचे वजन साधारण ३५० ग्रॅम असते. मोठ्या माणसाचा मेंदू तेराशे ते चौदाशे ग्रॅमचा असतो. या वाढीचा बराच मोठा भाग पहिल्या दोन-तीन वर्षांतच होतो आणि सहाव्या वर्षापर्यंत मेंदू आकाराने जवळजवळ मोठ्या माणसाएवढा होतो. या काळात मेंदूतील पेशींची एकमेकींशी जोडणी होत असते. जी जोडणी वारंवार वापरली जाते ती पक्की होते, जी वापरली जात नाही ती गळून पडते. शेतातली पायवाट जशी रोज चालल्याने पडते व चालणे बंद झाले की गवताने बुजते, तसाच हा प्रकार आहे.

ही पायवाट पडते ती देवाणघेवाणीतून. बाळ हसले, आपण हसलो. बाळाने "आगू" म्हटले, आपणही "आगू" म्हटले. लेकराने बोट दाखवले, आपण म्हणालो, "हो, ती बकरी आहे." चेंडू त्याने आपल्याकडे टाकला तर आपण तो परत टाकला पाहिजे. परत येणारा चेंडू मिळाला नाही तर लेकरू काही दिवसांनी टाकणेच सोडून देते. सगळ्या खेळांचे मर्म एवढेच आहे. खेळणे महाग आहे की स्वस्त, याने काही फरक पडत नाही.

याचा चांगला पुरावा जमैका या देशातून मिळालेला आहे. तेथील किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत १९८६-८७ साली नऊ ते चोवीस महिने वयाची, उंची खुंटलेली १२९ मुले निवडण्यात आली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य सेविका दर आठवड्याला तासभर जाऊन आईला मुलाशी कसे खेळावे हे दाखवत असत. काहींना दोन्ही मिळाले, काहींना यांपैकी काहीच मिळाले नाही. खेळणी होती ती घरात टाकून दिलेल्या वस्तूंपासून बनवलेली. असे दोन वर्षे चालले. ही मुले वयाच्या बावीसाव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा तपासली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ शिकवला गेला होता त्यांची कमाई खेळ न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक होती. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. आहार नको असा याचा अर्थ मुळीच नाही. दोन वर्षांच्या शेवटी आहार व खेळ दोन्ही मिळालेली मुलेच सर्वांत पुढे होती. ताटात अन्न हवे आणि ताटाशेजारी बोलणारे माणूसही हवे.

कोसबाडचा धडा

आपल्याला जमैकापर्यंत जाण्याचीही गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे (तेव्हाचा ठाणे, आताचा पालघर जिल्हा) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी चालले. विदेशी पद्धतीची महागडी शैक्षणिक साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पाने, फुले, दगड, माती यांचीच साधने केली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. "अंगणवाडी" ही कल्पना तिथली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावर कुरणशाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

लेकरू जिथे आहे तिथे खेळ न्यावा आणि हाताशी आहे त्यातून तो करावा, हा कोसबाडचा धडा आपल्या जिल्ह्याला फार उपयोगी आहे.

पहिले वर्ष

नवजात बाळाला साधारण एक वीत ते फूटभर अंतरावरचे स्पष्ट दिसते. म्हणजे दूध पाजताना आईचा चेहरा जेथे असतो तेवढेच. म्हणून बाळाचे पहिले खेळणे म्हणजे माणसाचा चेहरा. बाळ जागे व पोट भरलेले असेल तेव्हा त्याला मांडीवर समोर घ्यावे, त्याच्या डोळ्यांत पाहून हळू बोलावे आणि मग थोडे थांबावे. बाळाला उत्तर द्यायला वेळ लागतो. ते ओठ हलवील, हात-पाय झाडील, आवाज काढील. त्याने काढलेला आवाज आपण पुन्हा काढावा. आईबरोबरच वडील, आजी, आजोबा सगळ्यांनी हे करावे.

आंघोळ-मालिशीची आपल्याकडची पद्धत चांगली आहे. फक्त ती मुकाट्याने उरकू नये. हात चोळताना "हा हात", पाय चोळताना "हा पाय" असे बोलत राहावे. मालीश हलक्या हाताने करावी. नाकात-कानात तेल घालू नये. बाळ जागे असताना दिवसातून दोन-तीन वेळा काही मिनिटे सतरंजीवर पालथे ठेवावे व आपण समोर बसावे. त्याने मान व पाठ बळकट होते. झोपवताना मात्र बाळाला उताणेच ठेवावे.

तीन-चार महिन्यांनंतर रंगीत फडके डोळ्यांसमोरून सावकाश इकडून तिकडे न्यावे. छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत मूठभर ज्वारी घालून झाकण घट्ट बसवून वरून चिकटपट्टी गुंडाळली की खुळखुळा तयार होतो. तो एका कानाजवळ, मग दुसऱ्या कानाच्या बाजूला हळूच वाजवावा. बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवते का, हेही यात आपोआप कळते.

सहा महिन्यांनंतर पदराआड तोंड लपवून "बुवाऽऽ कूक" करण्याचा खेळ सुरू करावा. हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्यात मोठे शास्त्र आहे. दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे बाळ यातून शिकते. आई शेतात गेली तरी परत येते, हा विश्वास पुढे यातूनच वाढतो. वाटीखाली लहान चेंडू लपवून "कुठे गेला?" म्हणून शोधायला लावणे हा त्याचाच पुढचा भाग. टाळ्या वाजवणे, तळहातावर मोराला बोलावण्याचा खेळ, "दे" आणि "घे" करीत वाटी-चमचा एकमेकांना देणे, ताटलीवर चमचा बडवू देणे, हे सारे या वयाचे खेळ आहेत. आवाजाचा त्रास होतो खरा, पण "मी मारले की आवाज होतो" हा लेकराचा पहिला शोध असतो.

एक ते तीन वर्षे

या वयात लेकराला सगळे हाताळायचे असते. डबे काढणे, झाकणे लावणे, वाट्या एकात एक घालणे, हे खेळ आईच्या स्वयंपाकाच्या वेळीच चुलीपासून दूर बसवून देता येतात. भाकरी किंवा पोळी करताना पिठाचा छोटा गोळा हातात द्यावा. ते तो दाबील, ओढील, लाटील. बोटांच्या स्नायूंना यासारखा व्यायाम नाही. पुढे पेन्सिल धरायला हीच बोटे लागतात.

जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचा घट्ट चेंडू शिवावा. तो लागत नाही, गडगडत गटारात जात नाही. बसून एकमेकांकडे ढकलणे, मग उभे राहून टाकणे, मग लाथ मारणे अशी पायरी ठेवावी. आधाराने उभ्या राहणाऱ्या मुलासाठी आपला लाकडी पांगुळगाडा सपाट अंगणात चांगला. बाजारात मिळणारा, मुलाला आत बसवायचा गोल वॉकर मात्र घेऊ नये. त्याने चालणे लवकर येत नाही आणि उंबऱ्यावरून, पायरीवरून मूल डोक्यावर पडते. कॅनडात २००४ सालापासून अशा वॉकरच्या विक्रीला बंदी आहे.

बोलणे वाढवण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. "नाक कुठे? कान कुठे?" हा खेळ कपडे घालताना होतो. रस्त्याने जाताना बैल, कुत्रा, एसटी, लिंबाचे झाड यांची नावे घेत जावे. लेकरू "बू" म्हणाले तर "पाणी हवे? हे घे पाणी" असे म्हणावे. त्याने एक शब्द उच्चारला की आपण त्यात एक-दोन शब्दांची भर घालून वाक्य करावे. बोबडे बोलल्याबद्दल हसू नये आणि चारचौघांत "म्हणून दाखव" असा आग्रहही धरू नये. जुन्या दिनदर्शिकेतील व वर्तमानपत्रांतील चित्रे कापून वहीत चिकटवली की लेकराचे पहिले पुस्तक तयार होते. रोज तेच पुस्तक दाखवले तरी चालते. लहान मुलांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला आवडते, कारण पुढे काय येणार हे आपल्याला ठाऊक आहे, याचा त्यांना आनंद असतो.

तीन ते सहा वर्षे

आता कल्पनेचे खेळ सुरू होतात. भातुकली, दुकान-दुकान, डॉक्टर-डॉक्टर, एसटीचा कंडक्टर, बाजारचा दिवस. अशा खेळात मूल मोठ्या माणसांसारखे बोलते, वाट पाहते, नियम पाळते, भांडते व मिटवते. मोठ्यांनी त्यात गिऱ्हाईक किंवा पेशंट व्हावे आणि मूल सांगेल तसे वागावे. आपण खेळाचे मालक होऊ नये.

पोळ्याच्या दिवसांत मातीचे बैल करतातच. तेच काम वर्षभर करता येते. बैल, चूल, जाते, घर, काहीही. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी आणि चष्मा करण्याची कला आजोबांना येते. ती नातवंडांपर्यंत पोहोचवावी. धाटाची साल धारदार असते म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनी करावे, आतला भेंड मुलांना द्यावा.

मूठभर तूर, मूग, हरभरा एकत्र करून तीन वाट्यांत निवडायला सांगावे. हे गणिताचे पहिले पाऊल आहे. आधी वेगळे करणे, मग मोजणे, मग जास्त-कमी सांगणे. बालाघाटच्या डोंगरातली आपली सीताफळे प्रसिद्ध आहेत, २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांच्या बिया धुऊन-वाळवून चार वर्षांवरील मुलांना मोजायला, अंगणात नक्षी मांडायला देता येतात. मात्र मोठे माणूस समोर असावे, बिया तोंडात घालू देऊ नयेत आणि फोडू-कुटू देऊ नयेत. या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते.

लंगडी, लपाछपी, आंधळी कोशिंबीर, आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळत चालणे, यांनी शरीर व लक्ष दोन्ही तयार होतात. "आता पळा, आता पुतळा व्हा" या खेळात मूल स्वतःला थांबवायला शिकते. शाळेत एका जागी बसण्यासाठी हीच सवय कामी येते. रात्री दिव्यासमोर हातांच्या सावल्यांचे प्राणी करावेत. गोष्ट सांगताना मध्येच थांबून "पुढे काय झाले असेल?" असे विचारावे. उत्तर चुकीचे नसतेच.

चार वर्षांच्या मुलाला इंग्रजी मुळाक्षरे व शंभरपर्यंत अंक लिहायला बसवणारे पालक मला भेटतात. त्यांची तळमळ मी समजू शकतो. पण या वयात हाताला माती, कोळसा, विटेचा तुकडा आणि अंगणाची फरशी द्यावी. रेघा व गोल काढून हात वळला की अक्षरे पुढे लवकर येतात. बळजबरीने गिरवलेल्या अक्षरांनी अभ्यासाची नावड मात्र लवकर येते.

आणखी एक गोष्ट. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या. मुलीच्या जन्माविषयी आपल्या समाजाची काय भावना आहे, ते या आकड्याने सांगितले. जन्मलेल्या मुलीशी आपण कसे वागतो तेही पाहावे. मुलाला चेंडू आणि मुलीला चूल-बोळकी असा भेद करू नये. मुलीने झाडावर चढावे, मुलाने बाहुलीला जोजवावे. मेंदूला मुलगा-मुलगी कळत नाही.

ऊसतोडीच्या दिवसांत

दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येने माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. ती परतेपर्यंत उन्हाळा लागतो. वर्षातले पाच-सहा महिने म्हणजे दोन वर्षांच्या लेकराच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. या काळात काही लेकरे आई-वडिलांबरोबर फडावर असतात, काही गावी आजी-आजोबांजवळ.

फडावरच्या मायबापांना पहाटेपासून कोयता धरावा लागतो. त्यांनी तासभर बसून लेकरांशी खेळावे, असे सांगणे म्हणजे त्यांच्या कष्टांची थट्टा करण्यासारखे होईल. मी एवढेच सांगतो की, जी कामे लेकराजवळ बसून करावीच लागतात, ती बोलत करा. पाजताना, धुताना, कोपीत भाकरी थापताना, झोपवताना. झोळीतल्या बाळाकडे येता-जाता थांबून त्याच्या आवाजाला आवाज द्या. मोळ्या बांधताना बाजूला सुरक्षित बसलेल्या मुलाला मोजून दाखवा. चार वेळा पाच-पाच मिनिटे मिळाली तरी दिवसाची वीस मिनिटे होतात. जवळच्या गावात अंगणवाडी असेल तर चौकशी करावी. बाहेरगावची म्हणून लेकरांना हक्क नाही, असे नाही. पाठच्या भावंडाला खेळवण्यासाठी मोठ्या मुलीची शाळा मात्र बुडवू नये.

गावी राहिलेल्या आजी-आजोबांवर मोठी जबाबदारी असते आणि त्यांचे गुडघे दुखत असतात. त्यांना पळापळ जमणार नाही. पण गोष्टी, कोडी, निवडणे-टिपणे, बाजेवर बसून चेंडू ढकलणे, हे बसल्या जागी होते. आई-बापाचा विषय टाळू नये. "माय कुठे गेली?" असे लेकराने विचारले तर खोटे सांगू नये. "कामाला गेली, उन्हाळ्यात येणार" असे सांगावे. दोरीला रोज एक गाठ मारून किंवा भिंतीवर रोज एक रेघ ओढून दिवस मोजले तर तोही एक खेळ होतो व लेकराला धीर येतो.

मोबाईलविषयी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या आहेत. एक वर्षाखालील बाळाला पडद्यासमोर बसवू नये. एक ते दोन वर्षांतही ते टाळावे, दोन वर्षांचे मूल झाले तरी आणि चार वर्षांपर्यंत, दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, त्याहून कमी असेल तर अधिक चांगले. कारण सोपे आहे. मोबाईलमधले चित्र बोलते, पण लेकराला उत्तर देत नाही. चेंडू एकाच बाजूने येत राहतो. मोबाईल दाखवत भरवलेले मूल आपले पोट भरले की नाही हेही ओळखायला शिकत नाही.

यास एक अपवाद आहे. फडावरच्या आईने किंवा वडिलांनी व्हिडिओ कॉल करून लेकराशी बोलणे हे पडदा पाहणे नव्हे. तेथे समोर आपले माणूस असते व ते उत्तर देते. उलट असा फोन रोज ठरलेल्या वेळी करावा. "जेवलास का?" एवढेच न विचारता "तुझा चेंडू दाखव बरं" म्हणावे, पदराआड तोंड लपवून कूक करावे. शंभर कोसांवरूनही हा खेळ खेळता येतो.

खेळताना घ्यावयाची काळजी

१) पाच वर्षांखालील मुलांच्या हाती शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, मणी, नाणी, फुगे देऊन त्यांना एकटे सोडू नये. खाण्याचे दाणे कूट करूनच द्यावेत. घास किंवा वस्तू अडकून मुलाला खोकता, रडता येईनासे झाले तर एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे. एक वर्षावरील मुलालाही आधी पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे व कोणाला तरी गाडी आणायला पाठवावे. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये.

२) रिमोट, खेळण्यातील गाड्या यांतील चपटा गोल सेल मुलाने गिळला असे नुसते वाटले तरी वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्यावे. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही भोक पडू शकते.

३) हाताला धरून गरगर फिरवणे, एका हाताने ओढून उचलणे टाळावे. चार-पाच वर्षांपर्यंत कोपराचे हाड सहज सरकते. मूल हात लोंबता ठेवते व हलवू देत नाही. अशा वेळी घरी चोळत बसू नये. डॉक्टर ते हाड क्षणात जागेवर बसवू शकतात. उचलताना दोन्ही काखांत हात घालून उचलावे.

४) बाळाला हवेत उंच उडवू नये, जोराने गदागदा हलवू नये.

५) पाण्याचा खेळ मोठ्या माणसाच्या नजरेखालीच असावा. अर्ध्या बादलीतही लहान मूल बुडते. हौद, आड, शेततळे यांच्याजवळ तर मुलाला एकटे जाऊच देऊ नये.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

खेळता-खेळता लेकराची वाढ कशी चालली आहे, हे घरच्यांनाच सर्वांत आधी कळते. पुढील गोष्टी दिसल्यास "होईल हळूहळू", "याचा बापही उशिराच बोलला होता" असे म्हणून थांबू नये.

– तीन महिने झाले तरी बाळ चेहऱ्याकडे पाहून हसत नाही.
– पाच महिन्यांनंतरही मान धरत नाही.
– सहा महिन्यांनंतरही आवाजाकडे वळत नाही.
– दहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही.
– एक वर्ष झाले तरी नावाने हाक मारल्यावर पाहत नाही, बडबड करीत नाही, हवे ते बोटाने दाखवीत नाही.
– दीड वर्ष झाले तरी चालत नाही किंवा एकही अर्थाचा शब्द बोलत नाही.
– दोन वर्षे झाली तरी "पाणी दे" यासारखे दोन शब्द जोडत नाही.
– कोणत्याही वयात, आधी येत असलेली गोष्ट विसरते.

यांपैकी काही दिसले म्हणजे मूल मंद आहे असा अर्थ लगेच काढू नये. पुष्कळदा ऐकण्यात दोष असतो व तो लवकर कळला तर उपाय होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून सुरू आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणीला येतात. त्या दिवशी लेकराला आवर्जून न्यावे. एरवी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय येथे दाखवावे. ऊसतोडीला निघण्यापूर्वी दाखवता आले तर उत्तम, कारण सहा महिने वाया जात नाहीत.

थोडक्यात

रोज निदान अर्धा तास, एकदम किंवा तुकड्यांनी, घरातील कोणी तरी लेकराशी बोलत-खेळत असावे. खेळ लेकराने निवडावा, आपण साथ द्यावी. त्याने काढलेल्या आवाजाला, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावे. शाबासकी द्यावी, तुलना करू नये. लाड होतील ही भीती बाळगू नये, खेळल्याने मूल बिघडत नाही. वडिलांनी हे काम बायकांचे समजू नये. आजच संध्याकाळी एक फाटके लुगडे किंवा जुना सदरा काढावा, चिंध्यांचा चेंडू शिवावा आणि लेकराच्या समोर जमिनीवर बसावे. पुढे काय करायचे ते लेकरूच सांगेल.